कुत्रा शांत बसलाय म्हणजे तो राजी आहे, असं नाही: प्राणी-सहाय्यित थेरपीतल्या या चुका टाळा

प्राणी-सहाय्यित थेरपी म्हणजे उपचारात प्राण्याची मदत घेणं. अशा सत्रात मुलं गळ्यात पडतात, कुत्रा जागचा हलत नाही आणि सगळे म्हणतात, "किती गुणी!" प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जरा नीट बघा. तो सारखे ओठ चाटतोय का? झोप आलेली नसताना जांभया देतोय का? तोंड फिरवतोय, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसतंय, शेपूट पोटाखाली गेलीय? ही ताणाची लक्षणं आहेत. अशी दोन-तीन एकत्र दिसली की सत्र थांबवा. गुरगुरला म्हणून रागावू तर अजिबात नका. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढे इशारा न देता चावू शकतो. मिठी मारण्याऐवजी खांद्यापाशी हलकेच खाजवायचं आणि मग हात काढून घ्यायचा, एवढं मुलांना शिकवा. तो पुन्हा जवळ आला तर उत्तम. उठून गेला तर त्याला जाऊ द्या.

घरात लाडका असलेला प्रत्येक प्राणी या कामाला योग्य नसतो. वन्य प्राण्यांचा तर प्रश्नच नाही. माणूस-प्राणी नात्यावर काम करणाऱ्या आयएएचएआयओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ च्या श्वेतपत्रिकेत फक्त पाळीव जातींचे प्राणीच घ्यावेत असं म्हटलंय. डॉल्फिन त्यात बसत नाहीत.

ॲलर्जी आणि भीतीची चौकशी आधीच करा. लसीकरण आणि हात धुणं हवंच. कच्चं मांस खाणारा कुत्रा धडधाकट दिसला तरी साल्मोनेला हे आजारी पाडणारे जिवाणू पसरवू शकतो.

अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६०च्या दशकात आपल्या जिंगल्स या कुत्र्याला सह-उपचारक म्हटलं, ते स्वतःच्या दवाखान्यातल्या अनुभवांवरून. अशा अनुभवांतून प्रश्न सुचतात, पुरावा मात्र वेगळा उभा करावा लागतो. मुलाचे चाचणीतले गुण थेरपीच्या 'आधी' आणि 'नंतर' मोजून सगळं श्रेय कुत्र्याला देऊन टाकणं मला फार खटकतं. सुधारणा नव्या गोष्टीच्या कुतूहलामुळे असेल, किंवा सोबतच्या प्रेमळ माणसामुळे. म्हणून अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट ठेवा: तोच हँडलर (एरवी कुत्र्याला सांभाळणारा माणूस), तोच वेळ, तोच उपक्रम, फक्त कुत्रा नाही. गुण देणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते कळू देऊ नका. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी संबंधित संप्रेरक) मोजत असाल तर नमुने रोज ठरलेल्या वेळीच घ्या. ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात आपोआप उतरतं. कुत्र्याला घाबरणारी मुलं अभ्यासातून वगळली असतील तर अहवालात तसं स्पष्ट लिहा. आणि कुत्र्यावरच्या ताणाच्या नोंदी त्याच अहवालात द्या, मुलांच्या गुणांच्या शेजारी.