कॉलेजच्या थ्रिलरला रेटिंग कुठलं धरायचं?
थ्रिलर म्हटलं की सगळे डायरेक्ट 'ए' (फक्त प्रौढांसाठी) म्हणतात, पण थांबा जरा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे (म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या रेटिंगचे) तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, माझ्या मते आपल्या बहुतेक फिल्म शेवटच्या दोनांतच बसतात. आधी फिल्म आवाजासकट सलग बघा आणि टाइमकोड टाकून लिहून काढा, चाकू कुठे, रक्त किती वेळ दिसतं, शिव्या, सिगरेट. चाकू दिसला आणि कट होऊन दारामागून नुसती किंकाळी आली तर १३+ धरा, पण कॅमेरा जखमेवर रेंगाळला तर १६+, त्याहून भयंकर असेल तर ए. आत्महत्येची पद्धत तपशिलात दाखवूच नका प्लीज, बघणारी पोरं आपल्याच वयाची असतात. हा झाला आपला अंदाज, थिएटरात लावायची तर सर्टिफिकेट सेन्सॉर बोर्डच देणार.