साखर उतरत नाही? डोस वाढण्याआधी सिस्टरांनी या चुका टाळा

डायबेटीसच्या गोळ्या चालू, इन्सुलिन चालू, तरी उपाशीपोटीची साखर दोनशेच्या खाली यायला तयार नाही. असा पेशंट आला की डोस वाढतो आणि पुढच्या तारखेला तो तसाच परत येतो. कारण बऱ्याचदा त्याच्या पिशवीत नाहीतर पोटावर सापडतं. ते शोधायला गर्दीत डॉक्टरांना सवड नसते, म्हणजे काम आपलं. आणि आपण "गोड बंद करा, चालत जा" म्हणून पुढचा केसपेपर उचलतो.

पिशवी न बघता समजावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्यांत एका मिलीला 40 युनिट असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. मेडिकलवाल्याने 40 च्या कुपीसोबत केशरी दिली, तर पेशंट 20 च्या रेघेपर्यंत भरतो आणि शरीरात जातात फक्त 8 युनिट. उलट झालं तर 20 च्या जागी 50, आणि हे जिवावर बेततं. म्हणून कुपी आणि सिरिंज दोन्ही घेऊन यायला सांगा आणि आपल्यासमोर भरून दाखवायला लावा.

मग पोट बघा. तिथं दुखत नाही म्हणून लोक एकाच जागी टोचतात. बेंबीच्या आजूबाजूला बोटं फिरवली की रबरासारखी गाठ लागते. त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलायला सांगाच, पण त्याच वेळी डॉक्टरांच्याही कानावर घाला. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम घसरू शकते.

इन्सुलिन ठेवतात कुठे, हेही विचारा. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली कुपी टाकूनच द्यायची. मळ्यात फ्रिज नसेल तर झाकणाच्या डबीत घालून माठाजवळच्या गारव्यात ठेवलेली चालते. एप्रिल-मेच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत मात्र अजिबात नको.

द्राक्षाच्या हंगामात निफाड-पिंपळगावकडच्या पेशंटांची एक गंमत असते. घरच्या मशीनवर आकडा भलताच वर, लॅबमध्ये तेवढा नाही. हाताला द्राक्षाचा रस लागलेला असतो! नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही, साबणाने हात धुऊन कोरडे करायला सांगा. आणि बागाईतदाराला "द्राक्षं बंद" म्हणू नका, तो ऐकणार नाही. दहा-पंधरा मणी, जेवणावर नाही, एवढं बोला.

उपवासाचंही तसंच. "उपवास करू नका" म्हटलं की आजी मान डोलावतात आणि एकादशी करतातच, फक्त आपल्याला सांगत नाहीत. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना हे धोक्याचं. उपवास कधी असतो ते आधीच विचारून डॉक्टरांकडून त्या दिवसाचा डोस लिहून घ्या. श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला अनवाणी जाणाऱ्यांचे पाय आधी तपासा. तळव्याला बधिरपणा असेल तर चप्पल घालूनच जा, असं स्पष्ट सांगा.

"कळलं ना?" हा प्रश्न सोडून द्या, त्याला उत्तर "हो सिस्टर" हेच येतं. त्याऐवजी "मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, मला सांगा बरं," असं विचारा. काय राहिलं ते लगेच कळतं.

साखर 70 च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. व्होग्लिबोज (जेवणानंतरची साखर रोखणारी गोळी) चालू असेल तर साध्या साखरेने लवकर उतार पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. बिस्किट नको. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. हे सोबत आलेल्या माणसालाही शिकवा, कारण त्या वेळी पेशंट काही सांगायच्या स्थितीत नसतो.