एका वेळी एकच खूण: क्रोएशियाचा वारसा रोजच्या कपड्यांत कसा आणावा

२०१८च्या जुलैत मॉस्कोतल्या वर्ल्डकप फायनलमध्ये क्रोएशिया फ्रान्सकडून ४-२ने हरला, पण त्यांची लाल-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी तेवढ्यात घराघरांत पोहोचली. मीही एक घेतली. वर तसल्याच चौकड्यांची टोपी, गळ्यात तसलाच स्कार्फ, असा सगळा जामानिमा करून निघाले, तर धाकटा भाऊ दारातच म्हणाला, "ताई, इराण्याच्या टेबलावरून उठून आलीस का?"

राग आला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून एक नियम पाळते: अंगावर एका वेळी एकच खूण, बाकी सगळं साधं. आणि ती खूण कुठली, हे कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. क्रोएशियाची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ३९ लाखांच्याही आतच भरली, पण स्लावोनियाच्या सपाट शेतीप्रदेशातलं सोनेरी भरतकाम आणि दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं चांदीचं बटण यांच्यात पैठणी आणि खण यांच्याइतकं अंतर आहे. सगळं एकत्र घातलं की ते कुठलंच राहत नाही.

१. आधी प्रसंग, मग खूण

मॅच बघायला जायचं असेल तर चौकडा. ऑफिसला गळ्यातली गाठ किंवा एखादं अक्षर. कोणाच्या घरी जेवायला, लग्नाला जायचं असेल तर भरतकाम किंवा बटण. उरलेल्या कपड्यांचा रंग पांढरा, काळा, गडद निळा किंवा कच्च्या सुताचा ठेवा. क्रोएशियाच्या झेंड्यात लाल, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे आहेत, त्यामुळे गडद निळी जीन्स आपोआपच जुळून जाते.

२. चौकडा नीट मोजा

या चौकड्याला तिकडे 'शाहोव्नित्सा' म्हणतात. 'शाह' म्हणजे बुद्धिबळ. आपण 'शह दिला' म्हणतो तो शब्दही त्याच फारसी घराण्यातला. राजचिन्हातल्या ढालीवर पाच गुणिले पाच अशी २५ घरं असतात आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातलं पहिलं घर लाल असतं. म्हणजे लाल १३, पांढरी १२. मोजत बसायचं नसेल तर चारही कोपरे लाल आहेत का, एवढंच बघा.

हे बघायचं कारण आहे. पहिलं घर पांढरं असलेली ढाल इतिहासात बऱ्याच ठिकाणी सापडते, ती मुळात वाईट नाही. पण १९४१ ते १९४५ या काळातल्या उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीने तीच वापरली, त्यामुळे आज ती कोणाच्या छातीवर दिसली की लोक दोनदा बघतात. 'झा दोम स्प्रेम्नी' ('मातृभूमीसाठी सज्ज') ही घोषणाही त्याच राजवटीची. २०१३मध्ये मॅच जिंकल्यावर मैदानात ती देणाऱ्या एका खेळाडूवर दहा सामन्यांची बंदी आली आणि त्याचा पुढचा वर्ल्डकप हुकला. ऑनलाइन शर्ट चाळताना ही घोषणा किंवा उस्ताशाची खूण असलेलं एकटंच 'यू' अक्षर दिसलं, तर पुढे सरका. परकी भाषा समजत नाही ही सबब तिथे चालत नाही.

फुटबॉलच्या जर्सीला मात्र हे मोजमाप लागू नाही, तिथे चौकडे नुसते नक्षीसारखे अंगभर पसरतात. ती मूळ कल्पना मिरोस्लाव शुतेय या चित्रकाराची, आजचं राजचिन्हही त्यांनीच रेखलं. १७ ऑक्टोबर १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर अमेरिकेला २-१ने हरवताना संघ याच चौकड्यांत उतरला होता. देश अजून युगोस्लाव्हियापासून अधिकृतपणे वेगळाही झाला नव्हता, पण कपडा आधीच ठरला होता.

आता कापड. दुकानात जाऊन 'लाल-पांढरी चौकडी' मागितलीत तर दुकानदार टेबलक्लॉथचंच ठाण काढेल. ते कापड विणून केलेलं असतं. लाल धागा पांढऱ्यावरून गेला की मध्ये गुलाबी घर उमटतं, म्हणून त्यात तीन छटा दिसतात. शाहोव्नित्सात दोनच रंग, मध्ये गुलाबी नाही. त्यामुळे ती एक तर छापलेली हवी, नाहीतर तुकडे जोडून केलेली. जोडून करणं सोपं आहे, ज्यांच्या घरात कोणी गोधडी शिवते त्यांना तर सांगायलाच नको.

लाल आणि पांढऱ्या सुती कापडाच्या अडीच सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब अशा पाच-पाच पट्ट्या कापा. लाल-पांढरी-लाल-पांढरी-लाल असा एक संच लांबीच्या बाजूने जोडा, शिवण अर्ध्या सेंटिमीटरची. दुसरा संच उलटा, पांढरीपासून सुरू होणारा. शिवण इस्त्री करताना दडपणीचं कापड लालच्या बाजूला वळवा, नाहीतर पांढऱ्या घरातून लाल रेघ डोकावते. मग दोन्ही संच आडवे, पुन्हा अडीच सेंटिमीटर रुंदीने कापा. पहिल्या संचाचे तीन तुकडे घ्या, दुसऱ्याचे दोन. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, पहिला या क्रमाने जोडलं की चौकडा तयार, कडा दुमडल्यावर तो साडेसात सेंटिमीटरचा होतो. कोपरे तपासा. चारही लाल आले असतील तर कडा आत दुमडून पांढऱ्या किंवा गडद निळ्या शर्टाच्या खिशावर हातशिलाईने बसवा. पाठीवर मोठा चौकडा लावायचा मोह होतो, पण खिशावरचा जास्त दिवस आवडतो.

३. गाठ: टायचं माहेर

टाय ही इंग्रजांची देणगी असं आपण धरून चालतो. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएट घोडेस्वार गळ्याला रुमाल बांधत. पॅरिसला तो आवडला, चौदाव्या लुईच्या दरबारात शिरला आणि 'क्रोएट'वरून त्याचं नाव 'क्रावात' पडलं. क्रोएशियन भाषेत आजही टायला 'क्रावाता' म्हणतात. २००८मध्ये तिथल्या संसदेने १८ ऑक्टोबर हा क्रावाताचा दिवस ठरवला. त्याच्या पाच वर्षं आधी, २००३मध्ये, पुला शहरातल्या रोमन काळच्या प्रचंड रंगमंडलालाच लाल टाय गुंडाळली होती. इमारतीला टाय बांधणारे लोक म्हटल्यावर आपण गळ्याला बांधायला काय हरकत आहे?

आपल्या उन्हाळ्यात रेशीम नको, लाल मलमल घ्या. ९० सेंटिमीटरचा चौरस रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून त्रिकोणी दुमडा. मग टोकाकडून घड्या घालत पाचएक सेंटिमीटरची पट्टी करा, ती सव्वा मीटरहून थोडी लांब होते. मधला भाग गळ्यावर समोर ठेवा, टोकं मानेमागे फिरवून एकमेकांवरून पुढे आणा. समोर एक साधी गाठ मारा, वरचं टोक गाठीवरून खाली सोडा आणि दोन्ही टोकं शर्टाच्या आत खोचा. शर्टाचं वरचं बटण उघडं राहू द्या. गाठ फार आवळलीत तर ते शाळेच्या स्काउटचं प्रकरण दिसतं. दोन बोटं आत जातील एवढी ढिली हवी.

४. लिपीचा टी-शर्ट

मोडीत नाव छापलेले टी-शर्ट आपल्याकडे निघाले तेव्हा वाचणारे थोडे आणि घालणारे पुष्कळ, असं झालं. क्रोएशियात ग्लागोलित्सा लिपीचं तसंच आहे. नवव्या शतकातली ही लिपी तिकडच्या चर्चच्या कामकाजात शतकानुशतकं टिकली. क्र्क बेटावर सापडलेल्या साधारण इसवी सन ११००च्या बाश्का शिलालेखात राजा झ्वोनिमिरचं नाव याच लिपीत कोरलं आहे. मूळ शिळा आता झाग्रेबच्या अकादमीत असते. १४८३ साली २२ फेब्रुवारीला याच लिपीत प्रार्थनाग्रंथ छापून झाला, म्हणून २२ फेब्रुवारी हा आता लिपीचा दिवस. २०२३पासून क्रोएशियात युरो आला, तेव्हा एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर 'एच' आणि 'आर' ही अक्षरं ग्लागोलित्सात घातली गेली.

या 'एच-आर'बद्दल एक सूचना. देश स्वतःला 'ह्र्वात्स्का' म्हणतो, म्हणून ही अक्षरं. पण रोमन लिपीत ती छापून ऑफिसला गेलात तर कोणीतरी पगारवाढीचं विचारणार. ग्लागोलित्सात घातलीत तर वाचेल कोण!

छापून घेण्याआधी फॉन्ट बघा. या लिपीची दोन वळणं आहेत: जुनं गोलसर आणि नंतरचं कोनदार. क्रोएशियाची म्हणून ओळखली जाते ती कोनदार, खांब-चौकटींची. कॉम्प्युटरवरचे बरेचसे फॉन्ट गोलसर वळण दाखवतात, आणि छपाईवाला पहिल्यांदा सापडेल तेच लावतो. अख्खं वाक्य घेऊ नका, एकच अक्षर पुरे. वर्णमालेचं पहिलं अक्षर 'आझ' जुन्या वळणात क्रॉससारखं दिसतं, ते लोकांना आवडतं. कोनदार वळणात त्याचा आकार बदलतो, तेव्हा नमुना समोर ठेवूनच काम द्या. उंची दोन-तीन सेंटिमीटर, जागा डाव्या छातीवर. मला सगळ्यात आवडतं ते बाहीच्या दुमडीवर काळ्या दोऱ्याने काढलेलं.

५. भरतकाम आणि बटण

जुन्या चर्चच्या दगडांवर, नवव्या ते अकराव्या शतकातल्या, तीन पदरांची एक गुंफण कोरलेली असते. तिला 'प्लेतेर' म्हणतात. आपल्या भाषेत सरळसरळ तिपेडी वेणी. कुर्त्याच्या बाहीवर काढायची तर पेन्सिलने वेणी रेखा, प्रत्येक पदर साखळी टाक्याने भरा आणि जिथे पदर दुसऱ्याखालून जातो तिथे दोन मिलिमीटर टाका थांबवा. एकदा वरून, एकदा खालून, हा क्रम चुकला की वेणीची गुंडाळी होते. दोरा एकाच रंगाचा घ्या. रंगीबेरंगी प्लेतेर मी करून पाहिला, शाळेच्या हस्तकलेसारखा दिसला.

खरं अवघड काम दुब्रोव्हनिकच्या पलीकडच्या कोनाव्ले खोऱ्यातलं. बायकांच्या ब्लाउजवर, छातीच्या चिरेच्या दोन्ही बाजूंना आणि कफवर, रेशमी दोऱ्याने धागे मोजून भौमितिक नक्षी भरतात. पूर्वी त्यासाठी घरीच रेशीमकिडे पाळत. इरकलीवरची कसुती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मोजून भरण्याचं काम डोळ्यांसमोर येईल. घरी करायचं तर मॅटीच्या कापडावर कफएवढी पट्टी भरा आणि ती शर्टाला लावा, थेट शर्टावर भरायला जाऊ नका, धागे मोजता येत नाहीत. दुब्रोव्हनिकचं नाव निघालंच आहे तर, गोव्यात गवंडाळीला साओ ब्राझचं चर्च आहे. संत ब्राझ म्हणजे ब्लेझ, हा दुब्रोव्हनिकचा रक्षक संत, आणि सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या तिथल्या व्यापाऱ्यांशी या चर्चचं नातं सांगितलं जातं.

पाग आणि लेपोग्लावाच्या लेस, ह्वार बेटावर ख्रिस्ती जोगिणी घायपाताच्या तंतूंची करतात ती लेस, या २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्या रोज घालायला नाहीतच. बसच्या गर्दीत पाचशे टाक्यांचं काम अडकलं तर कोणाला बोलणार?

त्यापेक्षा दाल्मेशियातल्या शिबेनिक शहराचं बटण बघा. चांदीच्या तारेच्या जाळीकामाच्या दोन अर्धगोलांचं, पुरुषांच्या बंडीवरचं. त्याला 'बोतून' म्हणतात. गोव्याच्या 'बुतांव'चा हा दूरचा नातेवाईक. आता ते कानातलं, कफलिंक म्हणूनही मिळतं. आपल्याकडे लग्नाच्या झब्ब्याला साखळीची सोन्याची बटणं घालतात ना, काजातून ओवायची आणि धुताना काढायची, अगदी तसंच हे वापरता येतं. पांढरा खादीचा झब्बा, समोर दोन बोतून, बाकी काही नको. शिवून टाकू नका. चांदीची जाळी वॉशिंग मशिनमध्ये चेपते.

६. लाल रंगाची परीक्षा

शेवटचं काम, पण खरं तर कात्री लावण्याआधीच करायचं. लाल कापडाचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून दहा मिनिटं दाबून ठेवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दोन-तीनदा थंड पाण्यात एकटंच धुवा आणि पुन्हा बघा. तरीही रंग सुटत असेल तर ते पांढऱ्याला जोडू नका, दुसरं घ्या. चौकड्याचा शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि कधी रंग लागलाच तर कपडा वाळू देऊ नका, इस्त्री तर नाहीच. ओला असतानाच वेगळा काढून लगेच साबणाने पुन्हा धुवा, एकदा वाळला की डाग बसतो.

भावाचं पांढरं बनियन त्या जर्सीबरोबर धुतलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं झाली, अजून गुलाबीच आहे.