चिमुकल्यांच्या वर्गातला भातुकलीचा कोपरा : या चुका टाळा

दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी सजवलेला कोपरा पहिल्या दिवशी फोटोत सुरेख दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातल्या सगळ्या वस्तू जमिनीवर असतात, एक मूल रडत असतं आणि ताई म्हणतात, "अजून लहान आहेत, त्यांना कळत नाही." त्यांना कळतं. कोपरा चार-पाच वर्षांच्या मुलांच्या हिशेबाने मांडलेला असतो, म्हणून तो फसतो.

वर्षाच्या आसपासचं मूल रिकामा पेला तोंडाला लावतं आणि प्यायल्यासारखं करतं. दीड ते दोनच्या दरम्यान तोच पेला बाहुलीच्या तोंडाला लागतो. दोनच्या पुढे दोन-तीन कृती एकामागून एक येतात: पातेल्यात ढवळायचं, वाटीत ओतायचं, बाहुलीला भरवायचं. ठोकळा कानाला लावून "हॅलो" म्हणणंही साधारण याच काळातलं. "मी दुकानदार, तू गिऱ्हाईक" अशी भूमिकांची वाटणी बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षानंतरच जमू लागते. कोपऱ्यात काय ठेवायचं, किती ठेवायचं आणि ताईंनी कुठे बसायचं, हे सगळं या क्रमावरून ठरतं.

पाहिलेलंच नाही, तर खेळणार काय?

अंतराळयान, समुद्राचा तळ, बर्फाचं घर. भिंतीवर छान दिसतात, पण दोन वर्षांच्या मुलाने यातलं काहीच हाताळलेलं नसतं. या वयाचा लुटूपुटूचा खेळ म्हणजे पाहिलेल्या गोष्टीची नक्कल. त्यामुळे विषय मुलाच्या घरातून आणि रस्त्यातून यायला हवा.

स्वयंपाकघर, बाळाची अंघोळ, झाडलोट आणि कपडे वाळत घालणं हे चार विषय सगळीकडे चालतात. त्यांच्या जोडीला आपल्या कोल्हापुरातलं भरपूर आहे: आजीबरोबर पाहिलेली कपिलतीर्थ मार्केटातली भाजी, केएमटीची बस, गंगावेशीतला दुधाचा कट्टा, रंकाळ्यावरची कणसाची गाडी. गुऱ्हाळाचा विषय करवीर-पन्हाळ्याच्या गावांतून येणाऱ्या मुलांना जमेल. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाने चुलवण (गूळ करायची मोठी चूल) पाहिलेलंच नसेल, तर त्याच्यासाठी तो विषय अंतराळयानाइतकाच लांबचा. प्रवेशाच्या वेळी पालकांना दोनच प्रश्न विचारा: मूल घरी कुणाच्या मागे मागे फिरतं, आणि बाहेर कुठे कुठे जातं? पुढच्या सहा महिन्यांचे विषय त्या उत्तरांत मिळतात.

एकेक वस्तू ठेवणं

सगळ्यात जास्त भांडणं, ओढाओढी आणि चावे या एका चुकीतून येतात. या वयाची मुलं एकत्र खेळण्यापेक्षा शेजारी-शेजारी, एकमेकांचं बघून खेळतात. शेजारच्याने पळी घेतली की यालाही पळीच हवी असते. चमचा देऊन समजूत पटत नाही, कारण त्याला शेजारच्यासारखं करायचं असतं. "वाटून खेळा" हे सांगणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

म्हणून प्रकार कमी, नग जास्त. एका वेळी चार मुलं खेळणार असतील तर चार सारख्या वाट्या, चार पळ्या, तीन-चार छोटी पातेली, दोन तवे, तीन बाहुल्या आणि चार पिशव्या ठेवा. सहा-सात प्रकार पुरे. वीस प्रकारांचा एकेक नग असलेला महागडा सेट घेण्यापेक्षा भांड्यांच्या दुकानातून सारख्या स्टीलच्या वाट्यांचा संच आणणं स्वस्त आणि शहाणपणाचं. स्टील उकळता येतं, चावलं तरी टवके उडत नाहीत आणि घरच्यासारखं वाजतं. फक्त कडा दुमडलेल्या आहेत ना, हे बोट फिरवून बघा.

बस मांडतानाही हाच नियम. सहा खुर्च्या दोन रांगांत लावल्या आणि पुढे एकच स्टिअरिंग ठेवलं की दंगा ठरलेला. प्रत्येकाला ड्रायव्हर व्हायचं असतं, आणि होऊ द्यावं. प्रत्येक खुर्चीसमोर दहा-बारा इंच व्यासाचं प्लास्टिकचं झाकण द्या. बसमध्ये सहा ड्रायव्हर आणि प्रवासी शून्य, तरी खेळ उत्तम चालतो. कंडक्टरच्या घंटेची दोरी मात्र चुकूनही टांगू नका. त्याऐवजी सायकलची घंटी जाड फळीवर स्क्रूने पक्की बसवा.

मोजमाप चुकणं

टेबल १६ ते १८ इंच उंच आणि बसायची जागा ८ ते १० इंच, एवढंच या वयाला पेलतं. त्याहून उंच टेबल असलं की मूल खुर्चीवर उभं राहतं. चार मुलांसाठी साधारण ६ फूट बाय ८ फूट जागा लागते, आणि आत-बाहेर जायला दोन वाटा हव्यात. एकच वाट असेल तर आतला बाहेर येताना बाहेरच्याला धडकतो आणि तिथे चावाचावी होते. दोन फुटांपेक्षा उंच आडोसा नको, ताईंना कोपरा वर्गात कुठूनही दिसला पाहिजे. मांडणी भिंतीला एल-आकाराच्या पट्टीने स्क्रू मारून बसवा. मुलं त्यावर चढणार हे धरूनच चाला.

सुरक्षितता : इथे सवलत नाही

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भाग तपासायच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. वर्गात सोपी युक्ती म्हणजे टॉयलेट पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी. ती थोडी रुंद असते, म्हणून तपासणी आणखी कडक होते. नळीतून जी वस्तू आरपार जाते ती कोपऱ्यात नको. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, चिंचोके, मणी, नाणी, बाटल्यांची बुचं, जुन्या कोल्हापुरी साजातले सुटे मणी, सगळं यात आलं. पितळेची पारंपरिक भातुकली मोठी देखणी असते, पण तिची झाकणं आणि फुलपात्रं बहुतेक या नळीतून जातात. ती पाच वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा.

१ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. सुताराकडून करून घेतलेल्या वस्तूवर चिन्ह नसेल, तिथे जबाबदारी तुमची: कोपरे गोल घासलेले, कुठे कुसळ नाही, रंग न दिलेलं लाकूड.

खेळण्यातला फोन, गाणारी बाहुली, कॅल्क्युलेटर यांच्यात बऱ्याचदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. बॅटरीची एकही वस्तू या कोपऱ्यात ठेवू नका, लाकडी ठोकळा फोनचं काम झकास करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढायचा प्रयत्न नको. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

कपड्यांबाबतची चूक म्हणजे लांब ओढण्या, साड्यांचे तुकडे आणि नाड्या. गळ्यात अडकेल असं काहीच नको. दोन-अडीच फुटी चौकोनी रुमाल, वेल्क्रो लावलेली अर्धी जाकिटं आणि टोप्या पुरेशा आहेत. पिशव्यांचे बंद इतके आखूड ठेवा की त्यातून डोकं जाणार नाही. टोप्या, रुमाल एकमेकांचे वापरले जातात, म्हणून वर्गात उवा निघाल्या तर ते कपडे गरम पाण्यातून काढेपर्यंत बाजूला ठेवा.

बाळाची अंघोळ हा विषय मुलांना फार आवडतो. टबात एक इंचापेक्षा जास्त पाणी नको, एक ताई हाताच्या अंतरावर बसलेली हवी, आणि ती उठली की पाणीही ओतून टाकायचं. फोन आला म्हणून "दोन मिनिटं" सोडून जाणं चालणार नाही. बादली भरून शेजारी ठेवणं तर मुळीच नाही.

भाकरी थापायच्या खेळासाठी बरेच जण भरपूर मीठ घातलेलं पीठ करतात, कारण ते आठवडाभर टिकतं. दोन वर्षांचं मूल ते खाणार, आणि एवढं मीठ पोटात गेलं तर ते आजारी पडू शकतं. रोज वाटीभर साधी कणीक मळा, प्रत्येकाला लिंबापेक्षा मोठा गोळा द्या, खेळ संपला की टाकून द्या.

खरी भाजी, खरी काळजी

भाजी बाजाराला खरी भाजी वापरा. वजन, वास, खरखरीतपणा हे प्लास्टिकच्या वांग्यात सापडत नाही. दोन उथळ बुट्ट्या (टोपल्या), त्यात पाच-सहा मोठे बटाटे, तीन-चार दोडके, एखादा छोटा भोपळा आणि सोललेली कणसं. वांगी घेतलीत तर देठाचे काटे कापून. मिरची, लसूण, शेंगा, लहान लिंबं नकोत. मोड आलेला किंवा हिरवट बटाटा लगेच काढा, तो विषारी असतो. तराजू आणि लोखंडी मापं पायावर पडतात, या वयात वजन-हिशेबाचा उपयोगही नाही. बुट्टीतून पिशवीत आणि पिशवीतून बुट्टीत, हाच त्यांचा बाजार. भाजी दर दोन दिवसांनी बदला. चावलेली, जमिनीवर पडलेली भाजी खतात जाते, स्वयंपाकात नाही.

सणांचे विषय घेतानाही तपासणी तीच. बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे, मातीचे बैल हातात घ्यायला मुलं आतुर असतात, पण शिंगं लगेच तुटतात. मातीचा बैल उंच फळीवर बघायला ठेवा आणि खेळायला कापडाचे तीन-चार शिवून घ्या. चैत्रात जोतिबाच्या यात्रेचा विषय केलात तर गुलाल नको, तो डोळ्यांत आणि श्वासात जातो. गुलाबी रुमाल उधळले तरी "चांगभलं" तितक्याच जोरात होतं.

ताई, तुम्ही जमिनीवर बसा

"हा कुठला रंग? किती बटाटे आहेत? तू दुकानदार हो." असे प्रश्न आणि हुकूम सुरू झाले की खेळ थांबतो आणि तोंडी परीक्षा सुरू होते. मुलाच्या बाजूला बसा, ते करतंय तेच तुम्हीही करा आणि एका वाक्यात बोला: "साक्षी ढवळतेय. आमटी गरम आहे." मग एकच पायरी पुढे जा. ती नुसतं ढवळत असेल तर तुम्ही फुंकर घालून बाहुलीला भरवा. तिने उचललं तर छान, नाही उचललं तर सोडून द्या. शब्द घरचे वापरा. मुलाच्या घरी "कालवण" म्हणत असतील तर कोपऱ्यातही कालवणच शिजू दे.

दर सोमवारी नवा विषय ही घाईसुद्धा नडते. पहिला आठवडा मुलं वस्तू हाताळण्यात घालवतात, गोष्ट नंतर सुरू होते. एक विषय चार ते सहा आठवडे ठेवा आणि दर आठवड्याला दोन-तीनच वस्तू बदला. घराचा कोपरा वर्षभर राहू द्या, बाकी विषय त्याच्या शेजारी येऊन जातील.

तरीही गडबड होत असेल तर

मुलं सगळं पिशवीत भरून वर्गभर हिंडतात. हे बिघडलेलं नाही, या वयाला वस्तू इकडून तिकडे नेण्याची भूक असते. दोन ढकलगाड्या द्या आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला "घर" म्हणून एक खोकं ठेवा. भाजी कुठे न्यायची हे मिळालं की हिंडण्याला दिशा येते.

वस्तू फेकतात. आधी मोजा. बहुधा मांडणीवर पंचवीस-तीस वस्तू असतात. निम्म्या काढून घ्या. तरी फेकणं चालू राहिलं तर शेजारी कापडी चेंडू आणि टोपली ठेवा, म्हणजे फेकायलाही हक्काची जागा मिळेल.

कुणी फिरकतच नाही. मांडणी फार नीटनेटकी असली की मुलं दबकतात. सकाळी वर्ग भरायच्या आधी तव्यावर कापडी भाकरी, बाहुली अर्धी पांघरलेली, पळी पातेल्यात, अशी अर्धवट सोडलेली कामं मांडून ठेवा.

एकच मूल रोज रोज तेच करतं. करू द्या. धाकटं भावंड झालेलं मूल महिनाभर बाहुलीला झोपवत बसलं तर त्यात काळजीचं काही नाही. पण दोन वर्षं होऊन गेली तरी मूल कशाचीच नक्कल करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर पालकांशी शांतपणे, एकांतात बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. निदान तुम्ही करू नका.

आवराआवरीत गोंधळ होतो. प्रत्येक टोपलीवर त्या वस्तूचा खराखुरा फोटो चिकटवा. चित्र किंवा शब्द या वयाला पुरत नाही.

पावसाळ्याचं वेगळं

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पुठ्ठ्याची बस आठवड्यात मऊ पडते आणि तळाला बुरशी धरते. उन्हाळ्यात पुठ्ठा चालेल, पावसात बसला खुर्च्याच वापरा. थर्माकोल कधीच नको, त्याचे दाणे सुटून तोंडात जातात. कापडी वस्तूंचे दोन संच ठेवा, कारण धुतलेली बाहुली वाळायला तीन-तीन दिवस लागतात आणि दमट बाहुलीला आतून वास येतो. कापूस भरलेल्या जाड बाहुल्यांपेक्षा धुवून पुसता येणाऱ्या रबरी बाहुल्या या दिवसांत बऱ्या, फक्त आत पाणी साठेल अशी भोकं नसावीत. तोंडात घातलेली प्रत्येक वस्तू लगेच वेगळ्या टबात टाका, दुपारी साबणाने धुवा, स्टीलची भांडी उकळा. टब मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा, आणि कोरडा.