मोठा ट्रेलर घेऊन घाट ओलांडताना रस्ता कसा निवडावा: बिगहॉर्न पर्वताचे उदाहरण

शिकागो किंवा मिनियापोलिसहून यलोस्टोनला निघालेली मराठी कुटुंबे बहुधा साउथ डकोटातील बॅडलँड्स आणि माउंट रशमोर पाहून, वाटेत डेव्हिल्स टॉवर करून वायोमिंगमध्ये पुढे सरकतात, आणि तेथे बिगहॉर्न पर्वताची रांग आडवी येते. नुसती मोटार असेल तर ही रांग कोणत्याही रस्त्याने ओलांडावी, निसर्ग सगळीकडेच सुंदर आहे. मागे तीस फुटी कॅम्पिंग ट्रेलर असेल, तर मात्र रस्ता निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा लागतो, कारण पिकअप धरून पन्नास फुटांच्या आसपास भरणारी जोडगाडी घाटाच्या मध्यावर वळवून परत फिरवणे जवळपास अशक्य असते.

या रांगेवरून तीन रस्ते जातात. उत्तरेकडचा यू.एस. १४-ए हा महामार्ग बर्जेस जंक्शनपासून लव्हेलकडे उतरतो आणि त्यावर १० टक्क्यांपर्यंत (दर शंभर फुटांना दहा फूट) उतार आहे. यू.एस. १४ डेटन गावापासून नागमोडी वळणे घेत चढतो, ग्रॅनाइट खिंड ओलांडतो आणि शेल नदीच्या अरुंद दरीतून ग्रेबुलला पोहोचतो. दक्षिणेचा यू.एस. १६ बफेलोहून निघून ९,६६६ फुटांवरची पावडर रिव्हर खिंड पार करतो आणि टेन स्लीपच्या दरीतून खाली येतो. यू.एस. १६ ची खिंड ग्रॅनाइट खिंडीपेक्षा उंच असूनही मोठा ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी तिघांत सौम्य रस्ता हाच समजला जातो. फलकावरचा उंचीचा आकडा पाहून रस्त्याला घाबरणारे पुष्कळ भेटतात, पण खरा प्रश्न ती उंची किती मैलांत उतरायची आहे, हा असतो.

चढ अवघड वाटतो, पण तो फार तर गाडीचा वेग कमी करतो आणि इंजिन तापवतो, आणि तेवढ्यासाठी कडेला थांबता येते. उताराचे तसे नाही. ७,००० पौंडांचा पिकअप आणि १०,००० पौंडांचा भरलेला ट्रेलर मिळून १७,००० पौंड होतात, आणि ६ टक्के उतारावर हे वजन सुमारे १,००० पौंडांच्या जोराने गाडीला खाली खेचते, तर १० टक्क्यांवर तोच जोर १,७०० पौंडांच्या घरात जातो. हवेचा आणि चाकांचा विरोध त्यातला थोडा भार उचलतो, बराचसा भार खालच्या गिअरमधील इंजिनाने उचलायचा असतो, आणि जे उरते ते ब्रेकवर येते. इंजिनाला त्याचा वाटा न उचलू दिल्यास ब्रेक तापतात, जळका वास येऊ लागतो, आणि शेवटी पेडल दाबूनही गाडी आवरेनाशी होते. १४-ए च्या उतारावर सुटलेल्या ट्रकांना अडवण्यासाठी मुद्दाम बांधलेले चढ आहेत, आणि असे चढ ज्या रस्त्यावर आहेत तो रस्ता ट्रेलरवाल्याने दोनदा विचार करूनच घ्यावा.

उतार घरबसल्या मोजण्यासाठी दोन ठिकाणांच्या उंचीतील फरकाला त्यांच्यातील अंतराने भागावे. तीन मैलांत, म्हणजे १५,८४० फुटांत, १,००० फूट उतरत असेल, तर सरासरी ६.३ टक्के येते. मात्र सरासरीवर विसंबू नये, कारण दहा मैल सपाट आणि चार मैल कडा असलेला रस्ताही कागदावर सौम्यच दिसतो. त्यासाठी उंचीचा आलेख पाहून सर्वांत तीव्र तुकडा वेगळा काढावा, आणि तो तुकडा आपल्याला चढायचा आहे की उतरायचा, हे तपासावे. १४-ए ची तीव्र बाजू पश्चिमेला असल्यामुळे यलोस्टोनकडे जाताना ती उतरावी लागते आणि परतताना चढावी लागते. माझ्या मते जाताना यू.एस. १६ घेण्यात शहाणपण आहे, आणि पूर्वेकडून येताना आय-९० या आंतरराज्य महामार्गावर बफेलो आधीच लागत असल्याने त्यासाठी फारशी वाट वाकडीही करावी लागत नाही.

लांबी-रुंदीचे नियम हा वेगळा विषय असून त्यात अनुभवाला वाव नाही. ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही, आणि ही रुंदी आरशांसकट मोजली जाते. कोलोरॅडोतील इंडिपेंडन्स खिंडीत ३५ फुटांहून लांब वाहनांना मनाई आहे. साउथ डकोटातील नीडल्स हायवेवर खडकातून कोरलेला एक बोगदा जेमतेम आठ फुटांचा आहे, तर मोठे ट्रेलर साडेआठ फुटांपर्यंत रुंद असतात. नेहमीच्या नकाशा-अ‍ॅपला मागे ट्रेलर आहे हे ठाऊकच नसते, त्यामुळे लांबी, उंची आणि वजन भरून घेणारे खास जीपीएस वापरावे, आणि शंका आल्यास त्या उद्यानाचे किंवा राज्याच्या रस्ते विभागाचे नियम स्वतः वाचावेत.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे पावडर रिव्हर खिंडीत ती चौथाईहून अधिक कमी झालेली असते. गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेत तेवढी मोकळीक नसेल, तर रांग टाळणेच बरे. पाण्याच्या टाक्या आणि सामान भरल्यावर ट्रक-स्टॉपवरील काट्यावर एकदा वजन करून घ्यावे, आणि ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडण्याच्या सांध्यावर, येतो आहे, याची खात्री करावी.

खिंडीच्या माथ्यावर थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत आणि उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, कारण वेग वाढल्यावर गिअर उतरवणे कठीण जाते. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हा आपल्याकडच्या ट्रकचालकांचा जुना दंडक येथेही लागू पडतो. ब्रेक सतत दाबून धरू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला की एकदा चांगला दाबावा, वेग पाच-सात मैलांनी उतरवावा आणि पाय काढून घ्यावा. ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलू लागल्यास पिकअपचा ब्रेक न दाबता ब्रेक कंट्रोलरची (चालकाजवळच्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

अवघड रस्त्यावरील देखावे यामुळे हुकतात, असे मात्र नाही. मोठ्या ट्रेलरचा खरा फायदा हा की तो कॅम्पग्राउंडवर सोडून एका दिवसासाठी मोकळ्या गाडीने कोठेही जाता येते. १४-ए वरून मेडिसिन व्हील या स्थानापर्यंत असेच जावे: दगडांचे सुमारे ८० फूट व्यासाचे चक्र, त्याला २८ आरे, आणि तेथील आदिवासी जमाती आजही ते पवित्र मानतात. वाहनतळापासून तेथवर चालत जावे लागते. या तिन्ही रस्त्यांच्या कडेला खडकांच्या थरांची नावे आणि वये लिहिलेल्या पाट्या आहेत, त्या वाचण्याची उसंतही मागे ट्रेलर नसतानाच मिळते.

निघण्याच्या दिवशी सकाळी ५११ या क्रमांकावर रस्त्याची स्थिती विचारावी. १४-ए हिवाळ्यात बंदच असतो, आणि उन्हाळ्यात रॉकी पर्वतांच्या भागात दुपारी गडगडाटी पाऊस येत असल्याने खिंड दुपारच्या आत ओलांडावी. वायोमिंगमध्ये वारा जोराचा असला की हलक्या पण उंच वाहनांना रस्ता बंद केला जातो, आणि आपला ट्रेलर वजनाने कितीही भारी वाटला तरी तो याच वर्गात मोडतो, म्हणून त्या दिवसासाठी बफेलोतच मुक्काम वाढवता येईल असे आरक्षण ठेवावे.