नौतपा सरायच्या आत: कासवाच्या पेटीतल्या बारीक किड्यांसाठी तयारी

सगळ्यात आधी फवाऱ्याची बाटली कपाटात परत ठेवा. पेटीतलं अंथरूण उकरलं आणि खसखशीएवढे पांढरे जीव सैरावैरा पळताना दिसले, की हात तिकडेच जातो. गेल्या जुलैत माझाही गेला होता. आमचा गोट्या म्हणजे सल्काटा जातीचं कासव, चार वर्षांचं, पोळपाटाएवढं. अंगावर जखम नाही, खाणं व्यवस्थित, आणि पेटीच्या ओल्या कोपऱ्यात मात्र किड्यांची जत्रा. शेजारच्या काकू डांबरगोळ्या घेऊन आल्या. “अगं, चार कोपऱ्यांत चार टाक, उद्या एक राहणार नाही.” मी म्हटलं, “काकू, गोट्याही त्याच हवेत श्वास घेतो ना.” त्या पावसाळ्यात जे धावपळीत शिकले, ते यंदा मेमध्येच मांडून ठेवते आहे, कारण यातलं निम्मं काम इंदूरच्या नौतपाचं, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हाचं आहे आणि ते ऊन जूनच्या मध्यानंतर मागून मिळत नाही.

हाताशी तीन वस्तू ठेवा: पांढरा कागद, पारदर्शक चिकटपट्टी आणि सोनार वापरतात तसं दहापटीचं भिंग. मूठभर अंथरूण कागदावर झटका आणि बघत बसा. टुणकन उडी मारणारा, लांबुळका, एक-दोन मिलिमीटरचा जीव असेल तर तो स्प्रिंगटेल. त्याच्या पोटाखाली दुमडलेला काटा असतो, तो सुटला की तो उडतो. हा बुरशी आणि कुजका पाला खातो, कासवाला चावत नाही. उडी न मारता धुळीचा कण सरकावा तसा चालणारा, भिंगाखाली आठ पायांचा दिसणारा तो माइट. अंथरुणातले बहुतेक माइट्सही बुरशी आणि उरलेल्या अन्नावरच जगतात. मात्र फार वाढले तर डोळ्यांच्या आणि नाकपुड्यांच्या कडेला जमून त्रास देतात. वर घोंगावणारी काळी चिलटं ओल्या मातीतून निघतात. लाकडाखाली सापडणारे राखाडी, खवल्यांचे, अनेक पायांचे किडे तर उलट सफाई करतात, त्यांना राहू द्या. हालचाल फार भराभर असेल तर चिकटपट्टी टेकवून उचला आणि कागदावर डकवा. डॉक्टरांना दाखवायलाही तीच पट्टी कामी येते.

खरी काळजी वेगळ्या पाहुण्यांची. गोचीड मागच्या पायांच्या मुळाशी, मानेच्या घड्यांत, शेपटीजवळ मऊ कातडीला चिकटलेली असते, म्हणून तिथे टॉर्च मारून बघायचं. लाल मुंग्या लहान कासवाचे डोळे आणि जखमा सोडत नाहीत. जखमेवर माशी बसून अळ्या पडल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि शीमध्ये बारीक पांढरे दोरे वळवळताना दिसले तर ते अंथरुणातले किडे नव्हेत, पोटातले जंत आहेत. ताजा नमुना डबीत घेऊन तपासायला द्या.

किडे कुठून आले हा प्रश्न मला फार सतावत होता. उत्तर ओलीत आहे. सल्काटा मूळचा आफ्रिकेतल्या साहेलचा, सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, म्हणून पुष्कळजण पेटी ठणठणीत कोरडी ठेवतात. पण तिथेही तो बिळात राहतो आणि बिळातली हवा दमट असते. वाढत्या पिल्लाला ओल मिळाली नाही तर पाठीवरचे खवले उंचवट्यांसारखे वर येतात, आणि आलेले उंचवटे परत बसत नाहीत. म्हणजे किडे घालवायला पेटी वाळवून टाकणं हा उपाय त्याच्याच मुळावर येतो. ओल हवी, पण ती खालच्या थरात, आणि वर ऊब. ओल आणि गारठा एकत्र आले तर छाती भरते, पोटाकडचं कवच कुजतं. यासाठी तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र आताच घेऊन ठेवा. पाणी शिंपडून वरचा थर भिजवण्यापेक्षा कडेने ओतून तळाशी पोचू द्या. कोथिंबिरीच्या काड्या, काकडीची सालं, जास्वंदीच्या पाकळ्या संध्याकाळी उचला. खायला सपाट फरशी ठेवली की ओलं अन्न अंथरुणात मिसळत नाही. माझ्या पेटीत किडे झाले ते बहुतांशी मी रात्रभर राहू दिलेल्या दुधीच्या फोडींमुळे.

आता नौतपा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनचे हे नऊ दिवस आपल्याकडे कुरडया-पापडांचे. त्याच गच्चीचा एक कोपरा मागून घ्या. नारळाच्या काथ्याच्या भुशाची ५ किलोची वीट आणा, ती भिजून साधारण ७० लिटर होते. खत मिसळलेला भुसा नको. विटेवर उकळतं पाणी ओता, फुगू द्या, गार झाल्यावर दोनदा पाणी बदलून क्षार काढा. मग काळ्या ताडपत्रीवर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडांना विटा ठेवा. पारा चाळिशीच्या आसपास असताना प्लॅस्टिकखाली त्याहून पुष्कळ जास्त तापतं. रोज संध्याकाळी खालवर करा, तीन दिवस पुरे. मग प्लॅस्टिक काढून वाळवा आणि झाकणाच्या पिंपात भरून ठेवा. पावसाळ्यात दोनदा अंथरूण बदलावं लागेल या हिशेबाने दोन विटा कराव्यात. शेतातली काळी माती मात्र आणू नका. माळव्याची ही माती ओली झाली की चिकट गोळा, वाळली की दगड, आणि पिकावरची औषधं तिच्यात किती मुरलीत कोण जाणे. देवदाराचा किंवा चिडाचा (पाइनचा) भुसाही नको, त्यांचा उग्र वास कासवांच्या फुफ्फुसांना बाधतो.

पेटी रिकामी करायचा दिवस असा निवडा की पुढे दोन दिवस उघडीप असेल. नुसते स्प्रिंगटेल असतील तर पेटी उपसायची गरज नाही. ओला कोपरा काढा, बाकीचं चाळवा, हवा खेळू द्या. माइट्स मात्र फार असतील तर सगळं बाहेर. गोट्याला आधी टबात कोमट पाण्यात बसवा, बाळाच्या अंघोळीसारखं कोपराने पाणी तपासून, पातळी हनुवटीखाली, वीस मिनिटं. मऊ दातब्रशने कवचाच्या रेघा हलक्या हाताने घासा. त्याचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत टाकू नका. कासवांच्या शीतून साल्मोनेला पसरतो, म्हणून टब, ब्रश आणि फडकं त्याचं वेगळं, आणि नंतर साबणाने हात. मग तो जुनी वर्तमानपत्रं घातलेल्या क्रेटमध्ये. पेटीचे सांधे निम्मं पाणी, निम्मं सफेद व्हिनेगर लावून घासा, वर उकळतं पाणी, मग कडक ऊन. लपायचं खापर आणि पाण्याचं भांडंही त्याच उन्हात. काढलेलं अंथरूण पिशवीत बांधून सकाळच्या कचरागाडीच्या ओल्या कप्प्यात; कच्च्या खायच्या भाज्यांच्या कुंडीत नको.

फिनाइल, रॉकेल, डांबरगोळ्या, मुंग्यांचा खडू, डासांचा फवारा यांतलं काही पेटीच्या आसपासही नको. एक नाव तर भिंतीवर लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन. कुत्र्या-गुरांना किड्यांसाठी सर्रास देतात, कासव त्याने मरतं. हे औषध द्यायला कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर शोधा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पाऊस लागण्याआधीच चौकशी करून वेळ विचारून ठेवावी. सोबत त्याच्या नोंदीचे कागद न्या. सल्काटा हा साइट्स (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) च्या यादीतला प्राणी, त्याची नोंद २०२४ च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपलं देशी तारा कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवणं गुन्हाच. कोणी विकायला आणलं तर वन विभागाला कळवा.

नवं अंथरूण घातल्यावर पहिले सात दिवस रात्री एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदावर काकडीची चकती ठेवा, गोट्याला पोचणार नाही अशी, जाळीखाली. सकाळी चकतीची खालची बाजू भिंगाने बघा आणि जे दिसेल ते तारखेसह लिहा. सातही दिवस चकती स्वच्छ निघाली तर पुढची तपासणी पंधरा दिवसांनी, आणि ती तारीख पेटीच्या झाकणावर आताच चिकटवून टाका.