तोरणाचा गोंडा जूनमध्ये उगवत का नाही?

खंडेनवमीला बांधलेलं तोरण वाळलं की गोंडे, म्हणजे झेंडूची फुलं, चोळायचे, पुडी बांधायची आणि जूनमध्ये वाफ्यात टाकायची. बेळगाव-निपाणीकडे घरोघरी हाच कार्यक्रम, आणि जुलैत "बी वाईट निघालं" म्हणून ओरड. बी वाईट नव्हतं, कच्चं होतं. बाजारातला गोंडा भर फुलात तोडलेला असतो. दाणा भरायला फूल त्यानंतरही जवळजवळ महिनाभर झाडावर राहावं लागतं. चोळल्यावर हातात येतं ते बहुतेक भूसच. भरलेलं बी काळं, टणक, टोकाला पिवळट शेपटीचं. पांढुरकं, नखाखाली चपटं होणारं फेकून द्या.

म्हणून जोमदार झाडावरची दोन-चार फुलं चिंधी बांधून राखायची, देवालाही तोडायची नाहीत. पाकळ्या तपकिरी झाल्या आणि फुलाखालचा हिरवा पेला कागदासारखा वाळला की दव सुकल्यावर, अकराच्या पुढे काढा. परतीचा पाऊस रेंगाळला तर देठासकट कापून पडवीत उलटी टांगा. भिजलेल्या फुलात बुरशी धरते.

नर्सरीतला भला मोठा गोंडा बहुधा एफ-वन संकरित, म्हणजे दोन जातींच्या संकराची पहिली पिढी, असतो. त्याचं बी उगवलं तरी पुढची झाडं आईसारखी नसतात. पुसा नारंगीसारखी सरळ, म्हणजे संकरित नसलेली, जात घ्या. तिच्याही शेजारी दुसरा रंग लावलात तर मधमाश्या मिसळ करणारच.

नीट जमवलेलं बी मारायची खात्रीची जागा म्हणजे प्लास्टिकची पिशवी. दोन दिवस तापलेल्या पत्र्यावर वाळवायचं आणि गरम असतानाच गाठ मारून कपाटात टाकायचं, ही घाई नडते. वरून कोरडं, आत ओल. जूनमध्ये खानापूरकडे भिंतींना पाणी सुटतं तेव्हा पिशवी उघडावी तर कुबट वास आणि बियांचा गोळा. मग "शेणखत कमी पडलं का?" अशी चौकशी!

सावलीत वर्तमानपत्रावर पातळ पसरा, आठ-दहा दिवस, रोज हलवा. बी वाकवलं तर कट्कन मोडलं पाहिजे. मग कागदी पाकिटात, आणि पाकिटं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या किंवा चुलीची चाळलेली कोरडी राख. बरणी फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर काही तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी गार बियांवर बसतं.

तेरड्याच्या शेंगा फिकट पडू लागल्या की मलमलची चिंधी बांधा. एक दिवस चुकला की बी अंगणभर. गुलबक्षीचं खाली पडलेलं काळं बी नुसतं वेचायचं. शेवंतीच्या बियांच्या नादी लागू नका, तोच रंग हवा तर काश्या, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, लावा. पाकिटावर नाव, रंग, महिना लिहा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या वाफ्यात काय उगवतं ते सगळी गल्ली बघते.

मेमध्ये वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात पंधरा फुटले तर नेहमीसारखं पेरा, दहा फुटले तर दुप्पट दाट, पाचच्या खाली असतील तर नवं बी आणा.